खाकी मोज्यांचे तीन जोड

आज संध्याकाळी मैदानावर एका पोराने विचारलं, "सर, माझा शॉट सारखा बारवरून का जातो?" मी घाईत होतो. "मारत राहा, बसेल," म्हटलं आणि पुढे गेलो. घरी येताना एकदम आठवलं, हेच उत्तर एकेकाळी जिमी होगन या इंग्रज फुटबॉल प्रशिक्षकाला, तो खेळाडू असताना, मिळालं होतं. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

होगनचा जन्म १८८२ चा, लँकशायरमधल्या नेल्सनचा. पोराने पाद्री व्हावं ही वडिलांची इच्छा, आणि हा बर्नली क्लबकडून फुटबॉल खेळायला लागला. एका सामन्यात ऐन मोक्याला त्याचा फटका बारवरून गेला. मॅनेजर स्पेन व्हिटेकरला त्याने विचारलं, माझा पाय चुकला की तोल? व्हिटेकर म्हणाला, मारत राहा, दहातला एक आत गेला तरी पुष्कळ. होगनचं समाधान झालं नाही. 'का' हा प्रश्न त्याने पुढे जन्मभर सोडला नाही.

पुढे तो फुलहॅम आणि बोल्टन या क्लबांकडून खेळला. दौऱ्यावर बोल्टनने हॉलंडमध्ये डॉर्ड्रेख्टला १०-० धुतलं, आणि होगनने ठरवलं की परत येऊन या लोकांना नीट खेळायला शिकवायचं. १९१० मध्ये खरंच गेला. १९१२ मध्ये ऑस्ट्रियन फुटबॉलची सूत्रं सांभाळणाऱ्या ह्यूगो माइस्लने व्हिएन्नाला बोलावलं. १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि शत्रुदेशाचा नागरिक म्हणून तिथेच त्याला अटक झाली. अखेर बुडापेस्टच्या एमटीके क्लबने त्याला मागून घेतलं. पोलिसांकडे हजेरी लावत तो पोरांना चेंडू अलगद थांबवायला, जमिनीवरून पास द्यायला शिकवत राहिला.

युद्ध संपल्यावर तो मायदेशी परतला. युद्धात हाल झालेल्या व्यावसायिक खेळाडूंसाठी फुटबॉल असोसिएशनचा मदतनिधी होता, २०० पौंड मिळतील असं त्याने ऐकलं होतं. लंडनच्या कचेरीत सचिवाने त्याच्या हातावर ठेवले खाकी मोज्यांचे तीन जोड. आघाडीवरच्या पोरांना असे मोजे मिळाले तेव्हा ती खूश झाली होती, असंही ऐकवलं. म्हणजे तू लढलास कुठे? कैदेत पडलेल्या माणसाला हा टोमणा! वाचलं तेव्हाही डोळ्यांत पाणी आलं होतं, आत्ता लिहितानाही येतंय.

पुढे तो अ‍ॅस्टन व्हिला या इंग्लिश क्लबचा मॅनेजर झाला, १९३८ मध्ये संघाला पहिल्या डिव्हिजनमध्ये परत आणलं. पण माझ्या नजरेसमोर येतो तो २५ नोव्हेंबर १९५३ चा वेम्बलीचा दिवस. हंगेरीने इंग्लंडला ६-३ हरवलं. हिदेगकुटीचे तीन गोल. होगन सत्तरी ओलांडलेला, व्हिलाच्या पोरांना घेऊन प्रेक्षकांत बसलेला. हंगेरीचे प्रशिक्षक गुस्ताव शेबेश म्हणाले, आमच्या फुटबॉलच्या इतिहासात होगनचं नाव सोन्याच्या अक्षरांनी लिहायला हवं. ते ऐकून काही इंग्रजांना होगन गद्दार वाटला. त्याच्याकडे 'का' विचारायला मात्र फार थोडे गेले.

उद्या त्या पोराला पाच मिनिटं आधी बोलावलंय. फटका मारताना त्याचा टेकलेला पाय चेंडूच्या किती मागे पडतो, अंग मागे झुकतं का, ते जवळ उभं राहून बघणार आहे.