आईची गोळ्यांची डबी

आज आईला डॉक्टरांकडे नेलं. सोबत श्रीखंडाची रिकामी डबी, गोळ्यांनी गच्च भरलेली. डॉक्टरांनी ती टेबलावर पालथी केली आणि एकेक पाकीट उचलून विचारलं, "ही कशासाठी?" अकरापैकी चार गोळ्यांचं उत्तर आम्हा दोघींकडे नव्हतं.

अ‍ॅसिडिटीचं पॅन्टोप्राझोल तर दोन वेगळ्या नावांनी चालू! एक हाडांच्या डॉक्टरांचं, एक हार्टवाल्यांचं. आणि गंमत (कसली गंमत!) म्हणजे बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिननं पाय सुजले, सुजेवर लघवीची गोळी आली, ती आई घ्यायची संध्याकाळी, मग रात्रभर उठबस, म्हणून झोपेची गोळी. गेल्या महिन्यात बाथरूमच्या दारात पडली, ती बहुधा यातूनच.

पण झोपेची अल्प्राझोलाम एकदम बंद नाही करायची, जास्त त्रास होतो. काही आठवड्यांत हळूहळू उतरवायची. एका वेळी एकच औषध कमी, बीपी रोज वहीत. "मनानं काही बंद करू नका," हे दोनदा बजावलं.

रिक्षात आई हळूच म्हणाली, "ती गुलाबी राहू दे हं, तिनं मला बरं वाटतं."

गुलाबी म्हणजे दुसरं पॅन्टोप्राझोल.