कुत्र्याच्या डोळ्यांतले हिरवे दिवे

मी कुत्र्यांचे फोटो काढतो हे कळलं की दोन मिनिटांत कुणीतरी मोबाइल पुढे करतं. ‘आमच्या काळूचा हा फोटो बघा. बाकी झकास आलाय, पण डोळे हे असे हिरवेगार. रेड-आयचं बटण दाबून दाबून थकलो. काय करू?’

तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगतो. ते बटण फोटोतले लाल डोळे दुरुस्त करण्यासाठी असतं, म्हणून लाल रंगच शोधतं. फ्लॅशमध्ये माणसाचे डोळे लाल दिसतात ते आतल्या रक्तवाहिन्यांमुळे. कुत्र्याच्या दृष्टिपटलामागे मात्र टेपीटम ल्युसिडम नावाचा एक चकचकीत थर असतो. आत आलेला उजेड तो पुन्हा दृष्टिपटलावर फेकतो, म्हणून अंधारात कुत्र्याला आपल्यापेक्षा बरं दिसतं. उरलासुरला उजेड आल्या वाटेने बाहेर पडतो; हिरवा, पिवळा, अगदी लहान पिल्लू असेल तर निळसर. बटणाला लाल काही सापडतच नाही.

मेख आहे ती या ‘आल्या वाटेने’मध्ये. मोबाइलचा फ्लॅश लेन्सला खेटून असतो, त्यामुळे परतणारा उजेड थेट लेन्समध्ये शिरतो. चार पावलं मागे जाऊन झूम केलंत तर आणखीच बिघडतं, कारण लांब जाल तसा फ्लॅश आणि लेन्स यांच्यातला कोन लहान होतो. मी कित्येक महिने हाच उद्योग करत होतो आणि दोष कॅमेऱ्याला देत होतो.

जमेल तिथे फ्लॅश बंदच ठेवा. कुत्र्याला खिडकीपाशी बसवा, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवा. त्याने फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतील. फ्लॅश लागणारच असेल तर आधी खोलीतले सगळे दिवे लावा, म्हणजे डोळ्यांतल्या बाहुल्या आकसतात. कॅमेऱ्यावर वेगळा फ्लॅश असेल तर त्याचं तोंड छताकडे करा. छत पांढरं हवं, नाहीतर त्याची झाक केसांवर उतरते. खाऊ लेन्ससमोर न धरता हात लांब करून बाजूला धरा. नजर जरा कलली तरी पुष्कळदा काम होतं. लाल डोळे टाळायला फोटोआधी लुकलुकणाऱ्या फ्लॅशच्या नादी लागू नका. पहिल्याच झगमगाटाला कुत्रा डोळे तरी मिटतो, नाहीतर तोंड तरी फिरवतो.

आणि काळूचा हा फोटो? लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पेट आय’ अशी वेगळी सोय आहे. हाताने करायचं असेल तर फक्त बाहुली निवडा, कड किंचित मऊ करा, रंग काढून टाका, मग वेगळ्या लेअरवर, म्हणजे मूळ फोटोवर चढवलेल्या थरावर, ती गडद करा. ठार काळी नको, नाहीतर डोळ्यांच्या जागी गुंड्या शिवल्यासारखं दिसतं. चकाकीत बुडालेला कॅचलाइट, म्हणजे तो पांढरा ठिपका, परत द्यावा लागतो. छोटासाच, आणि दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. याच बाबतीत माझी पहिल्या वेळी चूक झाली होती आणि बिचारा कुत्रा चकणा झाला होता.

एका हस्कीवर मात्र मी हात टेकले. तिचा एक डोळा तपकिरी, दुसरा निळा. निळ्या डोळ्यात तो चकचकीत थर बहुधा नसतो, त्यामुळे फोटोत एक डोळा हिरवा आणि एक लाल, सिग्नलसारखे. रेड-आयचं बटण त्या दिवशी चाललं. एका डोळ्यापुरतं.