सोया दूध आणि सकाळची गोळी

पाळी मागेपुढे व्हायला लागली तेव्हा मी ४७ वर्षांची होते. रात्री दोन-अडीचला जाग यायची. छातीतून वाफ वर चढायची, मान-पाठ ओलीचिंब, आणि पाच मिनिटांत तीच मी थंडी वाजते म्हणून गोधडी ओढायची.

हार्मोनच्या गोळ्या नकोच, हे मनात पक्कं होतं. का, ते धड सांगता आलं नसतं. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, शतावरी कल्प घे दुधातून." घेतला महिनाभर. त्यात साखरच जास्त. वजन दीड किलो वाढलं.

मग सोयाबीन. त्यातल्या आयसोफ्लेव्होन या घटकांची घडण इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनसारखी असते, असं वाचलं होतं. रोज सकाळी पेलाभर सोया दूध सुरू केलं. जवसाची चटणी आम्हा सोलापूरकरांच्या ताटात असतेच, ती वाढवली. (अख्खे जवस पचत नाहीत, भाजून कुटायलाच हवेत.)

दोन महिन्यांत वाफा जरा कमी झाल्या. पण थकवा, बद्धकोष्ठ, केसांचा गुंता फणीत. सगळं पाळीच्या नावावर टाकत राहिले. शेवटी रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारा हार्मोन) ११, म्हणजे बराच जास्त! थायरॉइडची गोळी मी आधीपासूनच रोज सकाळी घ्यायचे, एक दिवस चुकवली नव्हती. डॉक्टर मॅडमनी एवढंच विचारलं, "गोळीनंतर काय घेता, आणि किती वेळाने?"

अर्ध्या तासाने सोया दूध. सोयामुळे ती गोळी आतड्यात नीट शोषली जात नाही. मध्ये चार तास तरी हवेत. मी हे कधी सांगितलंच नव्हतं. खाण्याची वस्तू, ती काय डॉक्टरला सांगायची!

मैत्रिणीने अमेरिकेहून आणलेली ब्लॅक कोहोशची (वाफांसाठी घेतात ती एक वनस्पती) बाटलीही तेव्हाच पर्समधून काढून दाखवली. त्याने यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत म्हणाल्या; ती बंद. वाफा सोयाने कमी झाल्या का, यावर त्या हसल्या. चाचण्यांत नुसत्या खोट्या गोळीनेही पुष्कळ बायकांना बरं वाटतं. आणि माझी हार्मोनची भीती? ती बरीचशी हार्मोनच्या गोळ्यांचे धोके सांगणाऱ्या २००२ सालच्या अमेरिकन अभ्यासाच्या बातम्यांतून आलेली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं.

सोया दूध आता दुपारी चारच्या चहाच्या जागी. टीएसएच दोन महिन्यांत चारवर आला. वाफा आठवड्यातून दोन-तीनदा येतातच, उशाशी पंचा असतो. हार्मोनचं पुढच्या खेपेला नीट विचारणार आहे.