गॅझेटियर, कविता आणि चहा

आज वाचन प्रेरणा दिन, कलामसाहेबांची जयंती. जळगावला विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तक प्रदर्शन होतं. स्पर्धा परीक्षांच्या टेबलापाशी ही झुंबड! कवितेच्या टेबलाशी मी आणि एक शिपाईदादा.

मी अडकलो 1880 च्या खान्देश गॅझेटियरमध्ये, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथात. पानं पिवळी, कडा हात लावताच तुटणाऱ्या, म्हणून ग्रंथपाल मॅडमनी समोरच बसवून घेतलं. तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबार सगळा एकच जिल्हा. पूर्व-पश्चिम खान्देश ही वाटणी 1906 ची. आणि कापसावर केवढं लिहिलंय! साहेबाचा जीव कशात अडकला होता ते लगेच कळतं.

दुपारी अहिराणी कवितावाचन. साक्रीकडच्या एका पोरीने माइक बाजूला सारला आणि अख्खा हॉल हसवला. निवेदक मात्र कवींपेक्षा जास्त बोलला.

विद्यापीठाला जिचं नाव दिलंय त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी ओव्या कागदावर उतरवून घेतल्या म्हणून आज आपल्याकडे आहेत. किती जणींच्या तशाच गेल्या असतील!

पुढच्या वेळी कोण येतंय, बोला. गॅझेटियर मी धरलंय, चहा तुमच्याकडे.