नॉर्थ बेरिक: भिंतीपलीकडचं ग्रीन

स्कॉटलंडमधल्या एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनातून निघालेली गाडी साधारण अर्ध्या तासात नॉर्थ बेरिकला पोहोचते. स्टेशनापासून वेस्ट लिंक्स गोल्फ मैदान चालण्याच्या अंतरावर आहे. इथला क्लब १८३२ चा. जमीन समुद्रकाठची, वाळूची, त्यामुळे पाणी चटकन मुरतं आणि गवत आखूड, घट्ट राहतं. चेंडू पडला की लांब पळतो. इथे हे आधी ध्यानात घ्यावं लागतं.

खेळत जाताना वाट पश्चिमेला, समुद्र उजव्या हाताला. वारा बहुधा पश्चिमेचाच, म्हणजे तोंडावर. येताना तोच पाठीशी घेऊन खेळायचं. खरी मजा या परतीच्या वाटेवर आहे.

तेराव्या होलचं, म्हणजे पहिल्या फटक्यापासून चेंडू खळीत जाईपर्यंतच्या तेराव्या टप्प्याचं, नाव 'पिट'. ग्रीनच्या, म्हणजे खळीभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, पुढ्यात जुनी, बुटकी दगडी भिंत आहे आणि तिच्यापलीकडे खोलगट जागेत ग्रीन. कुणी भिंत पाडली नाही, खेळानेच तिच्याशी जुळवून घेतलं. चेंडू भिंतीला अगदी टेकला, तर बहुतेक वेळा आडवा किंवा मागे काढण्यावाचून इलाज नसतो.

पंधरावं 'रेडान' पार तीनचं, म्हणजे तीन फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेलं, अंतर सुमारे १९० यार्ड. रेडान म्हणजे शत्रूच्या दिशेने टोक काढलेली तटबंदी. क्रिमियन युद्धात सेवास्तोपोलला होती तशी. टीवरून, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागेवरून, ग्रीन पुरतं दिसत नाही, मध्ये उंचवटा आडवा येतो. ग्रीन तिरकं आहे, पुढच्या उजव्या कोपऱ्यातून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे उतरत जाणारं. डावीकडे पुढ्यातच खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. खळीतल्या झेंड्यावर नेम धरला की चुकलंच: चेंडू आखूड पडला तर बंकरात जातो, पुरेसा लांब गेला तर उतारावरून पलीकडे निसटतो. आयर्न, म्हणजे धातूच्या चपट्या टोकाची काठी, घेऊन उजव्या कडेवर चेंडू टाका. उतार त्याला स्वतःच डावीकडे, झेंड्यापाशी नेतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू जरा डावीकडे वळणारा असेल तर उत्तमच. माझ्या मते पार तीनच्या होलचा याहून चतुर आराखडा नाही. गोल्फ मैदानं आखणाऱ्या सी. बी. मॅकडोनाल्डने अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या नॅशनल गोल्फ लिंक्सचं चौथं होल याच बेताने बांधलं, आणि नंतर जगभर रेडान झाले.

सोळाव्या 'गेट'च्या ग्रीनमधून एक घळ जाते, त्यामुळे दोन उंचवटे झालेत. काठी निवडण्याआधी झेंडा कुठल्या उंचवट्यावर आहे ते बघा. घळीतून पट करताना, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळवताना, हात आखडला की चेंडू चढ न चढता परत पायाशी येतो.

शेवटचं होल पार चार, पण जेमतेम पावणेतीनशे यार्डांचं. वारा पाठीशी असेल तर ग्रीन गाठायचा मोह होतोच. उजवीकडे रस्त्यालगत गाड्या उभ्या असतात, म्हणून डाव्या अंगाने मारा. ग्रीनच्या आधी खळगा आहे. तिथून चेंडू उंच उडवण्यापेक्षा पटरने, म्हणजे घरंगळवायच्या काठीने, चढवलेला बरा.