डीवर टाकलं तर चालेल का?

"विंडोजचा सी ड्राइव्ह भरून लाल झालाय, डी रिकामा पडलाय. प्रोग्रॅम्स तिकडे टाकले तर चालतील का?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो. चालतात. पण 'चालतात' कानावर पडलं की पुढचं कोणी ऐकत नाही. लगेच चुकीची वाट धरतात: प्रोग्रॅम फाइल्सचा फोल्डर उघडायचा, आतलं सगळं निवडायचं, कंट्रोल-एक्स, डीवर जाऊन कंट्रोल-व्ही.

आता काय होतं ते बघा. हिरवी पट्टी निम्म्यावर गेली की 'फाइल वापरात आहे' असा संदेश येतो, कारण अँटीव्हायरस किंवा प्रिंटरची सर्व्हिस मागे चालूच असते. तुम्ही 'स्किप' दाबता. झालं, अर्धा प्रोग्रॅम इकडे, अर्धा तिकडे. डेस्कटॉपवरचा आयकॉन पांढरा पडतो. डीवर जाऊन एक्झी फाइल थेट उघडली तर काही प्रोग्रॅम उघडतातही, आणि खरा घोळ तिथेच होतो, कारण वाटतं की जमलं! घर बदललं, पण रेशनकार्डावर पत्ता जुनाच. कुठली फाइल कशात उघडायची, सर्व्हिस कुठून सुरू करायची, अनइन्स्टॉल कुठून करायचं, रजिस्ट्रीतले, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतले, हे सगळे पत्ते सीचेच राहतात. मग अपडेट अडकतं आणि प्रोग्रॅम काढायला गेलात तर तोही निघत नाही.

असं झालं असेल तर हलवलेलं सगळं त्याच नावाच्या फोल्डरांत सीवर परत टाका, दोन्ही अर्धे एकत्र होऊ द्या आणि मशीन रीस्टार्ट करा. लायसन्सचा प्रोग्रॅम असेल तर आधी डीअ‍ॅक्टिव्हेट करा. मग सेटिंग्जमधून रीतसर अनइन्स्टॉल. पुन्हा इन्स्टॉल करताना 'कस्टम' निवडायचं आणि पत्त्यात सीच्या जागी डी करायचा. थेट डीच्या मुळाशी मात्र टाकू नका, प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळा फोल्डर द्या. काही अनइन्स्टॉलर जाताना आपला फोल्डर सरसकट पुसतात, आणि तो 'फोल्डर' म्हणजे अख्खा डी असेल तर फोटोंसकट जातो.

क्रोम आणि आताचं ऑफिस जागा विचारतच नाहीत, सीवरच बसतात. त्याला माझा इलाज नाही.

पूर्वी मीच सरसकट सांगायचो, प्रोग्रॅम डीवर नकोच. तेव्हा डी म्हणजे 5400 आरपीएमची फिरती डिस्क, त्यामुळे प्रोग्रॅम उघडेपर्यंत चहा व्हायचा. डी जर दुसरी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, असेल तर तो मुद्दा उरत नाही, हे मान्य. पण जागा किती सुटते? प्रोग्रॅम डीवर गेला तरी ॲपडेटा आणि प्रोग्रॅमडेटा हे प्रोग्रॅम्सची माहिती साठवणारे फोल्डर सीवरच फुगत राहतात. आणि विंडोज फॉरमॅट केल्यावर डीवरचे प्रोग्रॅम जसेच्या तसे चालतील हेही विसरा. रजिस्ट्री गेली की पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारे, सोडून बहुतेक पुन्हा टाकावेच लागतात.

खरी जागा गेम्समध्ये सुटते. स्टीम या गेम्सच्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजखाली डी जोडा, मग गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'इन्स्टॉल्ड फाइल्स'खाली हलवायचं बटण मिळतं. तिथे पत्तेही स्टीमच बदलतं. फोटोशॉपला स्क्रॅच डिस्क, म्हणजे तात्पुरत्या फाइल्सची जागा, डी द्या. आयट्यून्सचा फोनबॅकअप कित्येक जीबी खातो आणि त्याला जागा बदलायची सोय नाही. तिथे आयट्यून्स बंद करून फोल्डर डीवर न्यायचा आणि एमकेलिंक कमांडने, स्लॅश-जे लावून, जुन्या जागी जंक्शन ठेवायचं. पत्ता सीचा, माल डीवर. मग हीच युक्ती प्रोग्रॅम्सना का नाही? एकेका फोल्डरला चालून जाते, पण अख्ख्या प्रोग्रॅम फाइल्सला मी लावणार नाही. यूएसबीच्या ड्राइव्हवर तर नाहीच, कारण एक दिवस डीचा ई झाला की सगळं लटकतं.

मग 128 जीबीच्या एसएसडीवाल्याने डीकडे बघावं की सरळ 500ची घेऊन जुनी डिस्क जशीच्या तशी तिच्यावर उतरवावी, म्हणजे क्लोन करावं? कधी हे सांगतो, कधी ते. आधी एवढं बघून या: टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स. 'डिस्क 0'समोर सी आणि डी एकत्रच लिहिलेले असतील, तर तुमच्याकडे दुसरी डिस्क नाहीच, एकाच डिस्कचे दोन तुकडे आहेत.