आधी वाकवून बघा, मग आकडे मांडा

स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस (भाराखाली इमारतीचे भाग कसे वाकतात त्याचा हिशेब) मुलं पाठ कशी करतात, याचं मला अजून नवल वाटतं. बडोद्यात दांडिया बाजारात आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, सिव्हिलला आहे. परीक्षा आली की वही घेऊन खाली येते. मोमेंटची, म्हणजे बीम वाकवणाऱ्या जोराची, सूत्रं: डब्ल्यू एल स्क्वेअर बाय आठ, बाय बारा (डब्ल्यू म्हणजे मीटरला भार, एल म्हणजे स्पॅन, टेकूंमधलं अंतर), सगळं तोंडपाठ. "मग गॅलरीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळ्या वर की खाली?" विचारलं तर म्हणते, "काका, ते डिझाइनमध्ये, पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी कशाला? भांडी घासायचा कोरा स्पंज आणला, त्याच्या कडेवर तिला पेनाने उभ्या रेघा मारायला लावल्या. दोन पुस्तकांवर टेकवून मधोमध दाबला, तर रेघा खालच्या बाजूला फाकल्या. मग गॅलरीसारखं एक टोक टेबलाच्या काठाशी जाड पुस्तकाखाली अडकवलं आणि बाहेरचं टोक खाली दाबलं. आता त्या वरच्या बाजूला फाकल्या. काँक्रीट दाब सोसतं, ताण फारसा नाही. म्हणजे रेघा फाकतात तिथे सळी, गॅलरीत वर. (नकाशात ती वरच असते हो. स्लॅब भरताना कडिया (गवंडी) तिच्यावरून चालतो आणि खाली चेअर, म्हणजे तिला उचलून धरणारे आधार, नसतील तर ती खाली बसते. तिथे स्वतः उभं राहावं लागतं.)

आता आकडे. चार मीटरचा बीम, मीटरला 10 किलोन्यूटन भार. टोकं नुसती टेकवली तर मधला मोमेंट 20 किलोन्यूटन-मीटर. तीच घट्ट धरली तर टोकांशी 13.33 आणि मध्ये 6.67. बेरीज करा, 20च येते! भार तोच, स्पॅन तोच. मोमेंट कमी झालेला नाही, मधून काढून टोकांकडे दिलाय. बीमची मधली झोळ मात्र पाचवा हिस्सा उरते. इथे तिने पेन खाली ठेवलं आणि पुन्हा बेरीज केली.

खऱ्या इमारतीत टोक पूर्ण घट्टही नसतं, पूर्ण मोकळंही नसतं, कारण कॉलमसुद्धा थोडा वळतो. मग किती मोमेंट कुठे, हे नुसती समतोलाची समीकरणं सांगू शकत नाहीत. कोण किती ताठ आहे ते लागतं. अमेरिकन इंजिनिअर हार्डी क्रॉसने 1930 मध्ये मोमेंट डिस्ट्रिब्यूशन मांडलं ते यासाठीच: सगळे सांधे आधी जखडायचे, मग एकेक सोडून उरलेला मोमेंट ताठपणाच्या प्रमाणात वाटायचा, त्याच्या निम्मा पलीकडच्या टोकाला पाठवायचा. आमच्या पिढीने ही कोष्टकं हाताने भरली. आता सॉफ्टवेअर करतं, करू दे. पण हिंजच्या (मोकळं वळणाऱ्या टोकाच्या) जागी फिक्स्ड (घट्ट धरलेलं) निवडलं तर ते हूं की चूं करत नाही.

सध्या तिला तीन स्पॅनचा सलग बीम दिलाय, भार फक्त मधल्या स्पॅनवर. आकडे नकोत, नुसता वाकलेला आकार काढ म्हटलं. कडेचे दोन स्पॅन तिने सरळच ठेवलेत. ते वर उचलले जातात हे तिच्या कागदावर आलं की स्लोप-डिफ्लेक्शन (सांधे किती वळले त्यावरून मोमेंट काढायची रीत) काढू.